दातांत धरलेला दोरा

३ जून, सोमवार

उन्हाळी कॅम्पमध्ये दर रविवारी जेवणघराच्या दारात घरी लिहिलेलं पत्र दाखवावं लागतं. पत्र नाही तर चिकन नाही. त्यामुळे गेली आठ वर्षं मी घरी जी पत्रं लिहिली ती सगळी चिकनसाठी, आणि त्यांत एक वाक्य खरं असेल तर शपथ. खरं लिहायला कुठेतरी जागा हवी म्हणून ही वही. कोणी चोरून वाचत असेल तर त्याला लाज वाटो. आई, तुला सांगतेय.

आज यादी आली. दर वर्षी येते आणि दर वर्षी अर्ध्या पानाने वाढते. बारा जोड मोजे, चार टॉवेल, रेनकोट, टॉर्च, डासांचं मलम, तिकिटं लावलेली आठ पाकिटं, डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म. खाली जाड अक्षरांत: प्रत्येक वस्तूवर नाव शिवलेलं असावं. म्हणजे चोवीस मोज्यांवर चोवीस नावं. ट्रंका न्यायला ट्रक येणार १९ तारखेला, बस सुटणार २५ तारखेला. मध्ये जीवशास्त्राची परीक्षा.

माझं हे नववं आणि शेवटचं वर्ष. पंधरा पुरी झाली की मुलींना मोठ्या केबिनमध्ये घालतात. मोठ्या केबिनचा मान एकच, पण तो असा आहे की त्यासाठी मी सात वर्षांची असल्यापासून थांबलेय. भेटीच्या रविवारी, म्हणजे या वर्षी २१ जुलैला, मोठ्या केबिनच्या मुली तळ्याच्या पलीकडून होड्या वल्हवत, गात येतात. धक्क्यावर त्यांच्या आया उभ्या असतात. प्रत्येक आई वाकून आपल्या मुलीला हात देते आणि होडीतून वर ओढते. बास, एवढंच. लिहिल्यावर फार बावळट वाटतंय. पण आठ वर्षं मी दुसऱ्यांच्या आया बघितल्या, आता माझी.

आईला म्हटलं, "एकवीस जुलै. लिहून ठेव." तिने फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी मोज्यांचं बघू."

५ जून, बुधवार

दीना म्हणते की आमच्या घरात घटस्फोट होणार.

दीना पर्लो माझी मैत्रीण. तिला यातलं कळतं. गेल्या उन्हाळ्यात ती कॅम्पमध्ये होती तेवढ्यात तिच्या आईबाबांनी सगळं उरकून घेतलं. ऑगस्टमध्ये घरी आली तर बाबांच्या कपाटात नुसते हँगर. "ते मुद्दाम उन्हाळ्यापर्यंत थांबतात," ती म्हणाली. "पोरं घराबाहेर पडली की मैदान मोकळं."

तिने खुणा सांगितल्या. वेगळं झोपणं. आपण खोलीत शिरलो की बोलणं बंद. एखादी मावशी किंवा मामी अचानक मुक्कामाला येणं. कपाटं आवरणं. आणि दोघंही आपल्याशी विनाकारण गोड वागणं.

बाबा एप्रिलपासून खाली सोफ्यावर झोपतो. म्हणे त्याच्या घोरण्याने आईला झोप लागत नाही. तो वीस वर्षं घोरतोय, तिला एप्रिलमध्ये ऐकू यायला लागलं?

आईने परवा माझ्या जीवशास्त्राच्या चाचणीच्या मार्कांवर एक अक्षर काढलं नाही. छप्पन्न. "असू दे," म्हणाली. माझी आई, आणि असू दे!

८ जून, शनिवार

रॉझ मावशी आली. क्लीव्हलंडहून, दोन मोठ्या बॅगा घेऊन. मी विचारलं, "किती दिवस?" तर म्हणाली, "आल्या आल्या हाकलतेस का गं?" आणि मला इतकं घट्ट आवळलं की तिच्या ब्रोचची टाचणी टोचली.

नजर लागू नये म्हणून रॉझ मावशी सगळ्याला थू थू थू करते. मी उंच झाले म्हणाली, थू थू थू. पिआनो ट्यून करून बाबाचे कान अजून शाबूत आहेत म्हणाली, थू थू थू. आईकडे बघून म्हणाली, "छान बारीक झालीस," आणि तेव्हा मात्र थुंकली नाही. सरळ स्वयंपाकघरात गेली. मी पाणी प्यायला गेले तर सिंकपाशी रडत होती. म्हणाली, कांदा. कापायच्या फळीवर गाजरं होती.

पाचांतल्या तीन खुणा पटल्या.

११ जून, मंगळवार

नावपट्ट्या आल्या. पांढऱ्या फितीवर लाल अक्षरांत एल. ट्रॅक्टनबर्ग, एल. ट्रॅक्टनबर्ग, बारा डझन वेळा. आमचं आडनाव एवढं लांब की मोज्याला पट्टीचा अर्धा वेढा बसतो. दीनाचं बरंय, पर्लो. टाचून मोकळी.

आजवर हे सगळं आईने शिवलं. या वर्षी तिने सुई माझ्या हातात दिली. "शिकून घे."

"कशाला? हे शेवटचं वर्ष आहे."

"बटणं तुटायची थांबणार आहेत का तुझी?"

मग गाठ कशी मारायची, टाके आतून कसे घालायचे, दोरा कोपरापर्यंतच का घ्यायचा, सगळं सांगत बसली. मी एक मोजा दोन्ही बाजूंनी शिवून टाकला, आता त्यात पाय जाणार नाही. आई हसली. "तळ्यात मासे धरायला ने." तिसऱ्या मोज्यापर्यंत तिचे डोळे मिटायला लागले. दुपारी चार वाजता! हल्ली तिला माझ्या सहवासात झोपच येते.

माझ्या स्वेटरची बाही उसवली होती. मी तो अंगात घातलेलाच होता. आई म्हणाली काढू नको, आणि पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तोडून माझ्या तोंडापुढे धरला. "चाव."

हे लहानपणापासूनचं. अंगातल्या कपड्याला टाका घालायचा तर ज्याच्या अंगात कपडा आहे त्याने दोरा चावत राहायचा. तिच्या आजीने पोलंडमधून बाकी काही आणलं नाही, एवढं आणलं. मी आज विचारलं की चावलं नाही तर काय होतं.

"माणूस मेल्यावर त्याचे कपडे त्याच्या अंगावरच शिवतात," आई म्हणाली. "आपण चावत राहिलो की बघणाऱ्याला कळतं, हे माणूस जिवंत आहे, याला अजून कामं आहेत."

"बघणाऱ्याला म्हणजे कोणाला?"

"जो कोणी यादी घेऊन फिरत असेल त्याला. बोलू नको, चाव."

"म्हणजे त्याच्याकडेपण यादी असते? मोज्यांसकट?"

रॉझ मावशी एकदम ओरडली, "इलेन, पुरे!" आई मात्र हसत होती. टाका संपल्यावर तिने दोरा स्वतःच्या दातांनी तोडला, त्यासाठी माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं, आणि बराच वेळ उचललंच नाही. मला वाटलं पुन्हा झोपली.

१३ जून, गुरुवार

जीवशास्त्राचा पेपर वाईट गेला. ते जाऊ दे. यादीतलं एक मोठं काम मात्र निकालात काढलं. तिकिटं लावलेली आठ पाकिटं होतीच, आठही पत्रं आजच लिहून टाकली! आता रविवारी दारात पाकीट दाखवायचं आणि चिकन. माझ्या डोक्यात हे आठ वर्षांपूर्वी का आलं नाही कोण जाणे.

पहिलं: पोचले, केबिन छान, पाणी गार. तिसरं: पाऊस पडला, आम्ही आत पत्ते खेळलो. (एखाद्या आठवड्यात पडेलच.) चौथं भेटीच्या रविवारच्या रात्रीचं आहे, त्यात अडले. शेवटी लिहिलं: "तुम्ही दोघं आलात, फार बरं वाटलं. आई, तू मला वर ओढलंस तेव्हा आपण दोघी पाण्यात पडणार होतो." आठवं: आता लवकरच भेटू, माझ्यासाठी शेवयांचं कुगल करून ठेव, मनुके न घालता.

चौथं दोनदा वाचलं. सगळ्या खोट्यांत तेवढंच एक मला खरं व्हायला हवंय.

१४ जून, शुक्रवार

फॉर्मसाठी डॉ. शायनरांकडे गेलो. माझी उंची, वजन, गुडघ्यावर हातोडी, सगळं पाच मिनिटांत. मग डॉक्टर आईला म्हणाले, "आणि तू, इलेन?" आणि तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. मी खुर्चीवरच्या मासिकातला माशाचा फोटो बघत बसले. आई म्हणाली, "ती जाईपर्यंत तग धरायचाय." डॉक्टर म्हणाले, "बघू."

ती म्हणजे मी. मला सगळं ऐकू येतं, पण हे लोक माझ्यासमोर असे बोलतात जसं काही मी फर्निचर आहे.

म्हणजे डॉ. शायनर? टक्कल, नाकात केस, आणि यांच्यासाठी बाबाला सोडायचं? दीना म्हणाली, असं कुणाचंही असू शकतं, तिच्या बाबांना तर दातांची डॉक्टरीण मिळाली.

फॉर्मवर "कुटुंबातील आजार" म्हणून एक रकाना आहे. तो आईने स्वतः भरला आणि फॉर्म उलटा घालून पाकिटात टाकला. मी बघायला मागितलं तर म्हणाली, "तुला कशाला? तुझं वजन लिहिलंय त्यात." माझं वजन मला माहीत नाही की काय. ताकाला जाऊन भांडं लपवायची या घराची सवयच आहे.

१६ जून, रविवार

आई कपाट आवरतेय. चौथी खूण. पलंगावर तीन ढीग: रॉझ मावशीला, आमच्या ज्यू देवळातल्या बायकांना, आणि मला. मला तिचा निळा कोट दिला, ज्याला मी लहानपणी हात लावला तरी ओरडा बसायचा. मला तो अजून खांद्यात ढगळ होतो.

"होईल," आई म्हणाली.

"मग तू काय घालशील हिवाळ्यात?"

तिने कोटाच्या खिशातून जुनं तिकीट काढलं, बघितलं, परत ठेवलं. "मला नवा घ्यायचाय."

खरं तर मला राग यायला हवा होता, आणि आलाही. नवीन घर, नवा कोट. पण कोटाला तिचा वास आहे. दार लावून घेऊन मी तो अंगात घालून बसले, जून महिन्यात, घाम येईपर्यंत. असं करणारीला मूर्खच म्हणतात, पण ही वही खरं लिहायची आहे.

१७ जून, सोमवार

बाबाला गाठलं. तो शाळेच्या सभागृहातला पिआनो ट्यून करत होता. तिथे तो पळू शकत नाही, कारण झाकण उघडं असतं.

"बाबा, एकवीस जुलैला येणार ना?"

"म्हणजे काय! येणारच. मी ओढीन तुला वर."

"तिथे आया असतात, बाबा."

"मग त्यांत मी एकटा मिशीवाला. लांबून ओळखू येईन."

"आणि आई?"

तो एक पट्टी वाजवत होता. तीच पट्टी पुन्हा वाजवली. पुन्हा. माझा कान काही त्याच्यासारखा नाही, पण ती पट्टी सुरात होती हे मलासुद्धा कळत होतं. तरी तो तार पिळत राहिला. शेवटी म्हणाला, "लिओरा, तू फक्त तुझी यादी पुरी कर. तेवढं कर आमच्यासाठी."

बोलाचीच कढी. मी बाहेर पडले तरी ती पट्टी वाजतच होती.

काही होणार नाहीये. मी कितीही विचारलं तरी हे होणार ते होणारच. यादीतल्या चाळीस वस्तूंपुढे खुणा होतील आणि घर मात्र उरणार नाही. मग मोज्यांवर नाव कशाला? पत्ता कुठला घालायचा त्याखाली?

१९ जून, बुधवार

ट्रंक गेली.

ट्रंकेचं झाकण कधीच आपोआप लागत नाही. दर वर्षी आई तिच्यावर फतकल मारून बसते, बाबा कडी घालतो, आणि मी म्हणते, "आई, तुझ्या वजनाचं सोनं झालं." हे वाक्य ठरलेलं. या वर्षीही ती बसली. कडी लागेना. बाबा म्हणाला, जरा पुढे सरक. सरकली. तरी दोन बोटं अंतर राहिलं. ती उठून पुन्हा जोरात बसली आणि ट्रंक जराही दबली नाही.

माझं वाक्य राहिलं होतं, म्हणून मी म्हटलं, "आई, तुझ्या वजनाची चांदीपण येणार नाही आता." कुणी हसलं नाही. रॉझ मावशी पुढे आली, बसली, कडी खट्कन लागली. आई भिंतीला टेकून उभी होती आणि ट्रंकेकडे अशी बघत होती जसं काही ट्रंकेने तिला शिवी दिलीय.

डाएट वगैरे करतेय, उघड आहे. दीनाच्या आईनेही केलं होतं.

२१ जून, शुक्रवार

आज सगळं बोलून झालं. मलाच बोलावं लागलं, कारण या घरात तोंड एकट्या मला दिलंय.

शुक्रवारच्या मेणबत्त्या लावल्या. आई दर वेळी डोळ्यांवर हात धरून पुटपुटते, आज हात खाली घ्यायला तिला फार वेळ लागला. सूप गार झालं. बाबाने हला, म्हणजे शुक्रवारचा वेणीसारखा पाव, तोडला, सगळ्यांना तुकडे दिले. आईने तिचा तुकडा ताटाखाली सरकवला. मला वाटतं ही वेळ दुसऱ्या कुणी निवडली नसती, पण मंगळवारी बस होती.

मी म्हटलं, "तू बाबाला सोडून जाणार आहेस ना?"

रॉझ मावशीचा चमचा पडला.

बाबा म्हणाला, "लिओरा, हे काय भलतंच..." आणि आईने हात वर केला. ती माझ्याकडे बघत होती. चिडलेली नव्हती. एखादं गणित सुटत नसताना शेजारच्याने उत्तर सांगावं तशी काहीतरी.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं? सगळं दिसतंय. सोफा, मावशी, कपाट. मी कॅम्पला गेले की तुम्ही उरकून घेणार. खरंय की नाही?"

"मी नाही म्हटलं तर तू जाशील कॅम्पला?"

"सगळं सांगितल्याशिवाय हलणार नाही."

"आणि हो म्हटलं तर?"

"तर इथे राहून काय करू? बघत बसू?"

आई म्हणाली, "हो. मग असंच समज."

"इलेन, नको," बाबा म्हणाला. रॉझ मावशी उठून बाहेर गेली आणि बाथरूमचा नळ सोडला.

मला वाटलं होतं की ती नाही म्हणेल. खरं सांगते, अगदी शेवटच्या क्षणापर्यंत मला वाटत होतं की ती हसेल, वेडी आहेस का म्हणेल, मग मी रडेन आणि सूप पुन्हा गरम होईल.

मी म्हटलं, "जायचंय ना, मग जा. आत्ताच जा. माझ्यासाठी थांबू नकोस."

ती म्हणाली, "मंगळवारपर्यंत थांबते."

२४ जून, सोमवार

तीन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिनेही मनधरणी केली नाही. पाचवी खूण, गोड वागणं, तीही संपली म्हणायची.

रॉझ मावशीने काल मला कोपऱ्यात घेतलं. "तिच्याशी असं नको वागू गं."

"का? तिने कसंही वागावं?"

मावशीने माझ्या गालाला हात लावून थू थू थू केलं. ही बाई मला कधी तरी वेड लावणार.

आज दुपारी आईने खोलीत बोलावलं. पलंगावर बसली होती. अंगात पिवळा ड्रेस, जो ती दर वर्षी मला बसवर सोडायला घालते. तो तिच्या अंगावर लोंबत होता. "उद्यासाठी बाजूंनी घे जरा," म्हणाली. "अंगात असतानाच घे, तसाच अंदाज येतो. आता तुला येतं."

मी नाही म्हणणार होते. पण टाचण्या तिने आधीच काढून ठेवल्या होत्या.

दोन्ही बाजूंनी चार चार बोटं आत घेतलं. तिच्या बरगड्या हाताला लागत होत्या. एवढं डाएट कोण करतं? मी दोरा तोडला, तिच्या तोंडापुढे धरला आणि म्हटलं, "चाव." तीन दिवसांत मी तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

"राहू दे गं," ती म्हणाली. "तोंड कोरडं पडतं."

"वा! आठ वर्षं माझ्या तोंडात दोरे कोंबलेस, आणि स्वतःला सूट?"

ती हसायला लागली. हसता हसता खोकली, मग मला तिला धरावं लागलं, सुई अजून ड्रेसमध्येच. मी पुन्हा दोरा पुढे केला. "तो यादीवाला बघेल." तिने माझं मनगट धरलं आणि हात हळूच बाजूला केला. "त्याला बघू दे."

शेवटी एकदाची तिची ती खुळी समजूत सुटली. रॉझ मावशीला सांगायला हवं, असं मनात आलं, मग नाही सांगितलं. का ते माहीत नाही.

मी शिवत राहिले. ती अगदी स्थिर बसली होती. माझे टाके आता सरळ येतात. ती म्हणाली, "छान हात बसला तुझा," आणि मला सॉरी म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर होता. पण म्हटलं, मी का? ती सोडून जातेय. आधी तिने म्हणावं. आणि गाठ मारून दोरा तोडला.

२५ जून, मंगळवार, बसमध्ये

बस देवळाच्या पार्किंगमधून नऊला सुटली. तिथे नेहमीचा गोंधळ: लहान मुलं रडताहेत, आया हसताहेत, बाप एकमेकांना रस्ते समजावून सांगताहेत. आई गाडीतच बसून राहील असं बाबा म्हणाला होता. पण ती उतरली, पिवळ्या ड्रेसमध्ये, बाबाचा हात धरून. सोडून जाणारी बाई नवऱ्याचा हात असा कशाला धरेल? विचारलं नाही.

तिने माझ्या जाकिटाची कॉलर बघितली. नावपट्टी एका टोकाला सुटली होती, ती माझी पहिली पट्टी, ११ तारखेची. तिच्या पर्समध्ये सुई होतीच. "काढू नको," म्हणाली. दोरा तोडून माझ्या तोंडात घातला, सगळ्यांसमोर, दीना बघत असताना. मी चावला. ती मानेमागे खूप वेळ शिवत होती. एवढ्याशा पट्टीला किती टाके घालतात? मार्सीने, म्हणजे आमच्या कॅम्पताईने, दोनदा शिट्टी वाजवली, तरी आई थांबेना. शेवटी बाबा म्हणाला, "इलेन, जाऊ दे तिला."

मी म्हटलं, "एकवीस जुलै." तोंडात दोरा असल्याने धड उमटलं नाही.

आई म्हणाली, "बाबा आहे." आणि माझ्या कपाळावर ओठ टेकले. बस.

हे मला मेन राज्यातला कॅम्प येईपर्यंत पुरलं असतं, पण रस्त्यात मार्सीच्या मांडीवरच्या चपलांच्या खोक्यावर माझं नाव दिसलं. मी विचारलं. ती घुटमळली. "तुझ्या आईने दिलंय. दर रविवारी एक द्यायचं म्हणाली." पहिल्या दिवशी उशीवर घरचं पत्र असावं म्हणून सगळ्यांचेच आईबाप एक पत्र आधी देऊन ठेवतात. पण खोक्यात एक नव्हतं. आठ होती. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात तारीख. पहिल्यावर ३० जून, आईचं नेहमीचं गोल, ठसठशीत अक्षर. मागची मागची पाकिटं बघत गेले तसं अक्षर बारीक आणि तिरकं होत गेलं. शेवटच्यावर १८ ऑगस्ट, तेही खाली घसरलेलं. घाईत उरकलेलं, सरळ दिसत होतं. मार्सीने झाकण लावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. गेल्या आठ वर्षांत तिने माझ्या डोक्यावर फक्त कॅप फेकून मारलीय.

म्हणजे आईनेही तेच केलं. मी चिकनसाठी केलं आणि तिने स्वतःच्या सोयीसाठी. नव्या घरात पत्रं लिहायला वेळ कुठून मिळणार? तिची आठ, माझी आठ, फिट्टंफाट. उन्हाळाभर ती पाकिटं एकमेकींना लिहितील, आम्ही दोघी नाही.

दीना शेजारी झोपलीय. मी खिडकीकडे तोंड करून रडले, रागाने. मग ठरवलं. मोठ्या केबिनमधून घरी एकही खरं पत्र जाणार नाही. मला जे म्हणायचंय, शुक्रवारचंसुद्धा, ते मी ऑगस्टमध्ये समोर उभी राहून म्हणेन. तोपर्यंत तिनेही थांबावं. मंगळवारपर्यंत थांबली, आणखी आठ आठवडे थांबायला तिचं काय जातंय?

दोरा अजून तोंडातच आहे. कधीचा थुंकायचाय, पण बसची खिडकी उघडत नाही, म्हणून अजून चावतेच आहे.